केस विंचरल्यासारखा हात

४ मार्च

आज गळा आवळायला शिकले.

असं लिहिलं की भयंकर दिसतं, म्हणून नीट सांगते. आमच्या प्रयोगशाळेच्या पुढच्या चौकात टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे. तिथे ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकवतात. ठोसे आणि लाथांची ही विद्या नव्हे. माणसाला धरायचं, जमिनीवर आणायचं आणि त्याला हलता येणार नाही असं करायचं. संध्याकाळी बायकांचा वेगळा तास असतो. त्यात आम्ही दोघीच आहोत, मी आणि एक दातांची डॉक्टर. तिला सगळे 'दाढ' म्हणतात आणि तिला ते चालतं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे म्हणून ती मला 'पाणीवाली' म्हणते.

आज पाठ घ्यायला शिकवलं. समोरच्याच्या मागे बसायचं, आपली छाती त्याच्या पाठीला चिकटवायची. दोन्ही पाय बाजूंनी पुढे आणून टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकवायच्या. एक हात खांद्यावरून, दुसरा काखेतून, आणि दोन्ही त्याच्या छातीवर एकमेकांत अडकवायचे, गाडीतल्या पट्ट्यासारखे. मग वरचा हात हळूच हनुवटीखाली सरकवायचा. कोपर गळ्याच्या बरोबर मध्यावर यायला हवं.

"नरड्यावर दाबू नका," सर म्हणाले. "ते रांगडं काम. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दाबायच्या. दुखत नाही, नुसता दिवा मालवतो. आता दुसरा हात डोक्यामागे. केस विंचरल्यासारखा न्या. हं. आणि छाती फुगवा."

ज्याचा गळा सापडला आहे त्याने तळहाताने थोपटायचं. दुसऱ्याच्या हातावर, पायावर, जमिनीवर, जिथे पोचेल तिथे. याला टॅप म्हणतात. थोपटलं की सोडायचं, तत्काळ, काहीही न विचारता. सर म्हणाले, आपली सगळी विद्या या थोपटण्यावर उभी आहे. मला हे फार आवडलं. एका माणसाने नुसतं थोपटावं आणि दुसऱ्याने ऐकावं, असं बाहेर कुठे असतं?

निश्चय : हे पक्कं शिकायचं आणि गावी घरी गेले की आमच्या गल्लीतल्या मुलींना शिकवायचं.

७ मार्च

आईचा फोन. ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. जेवणाच्या सुट्टीत फोन करते, त्यामुळे मागे मशीनचा आवाज कधी असतो, कधी नसतो.

"जेवलीस का?"

"हो."

"कोणाबरोबर?"

मैत्रिणीबरोबर, असं मी म्हटलं. एका अर्थी दाढ ही मैत्रीणच म्हणायची. पण आई विचारत गेली आणि मी सांगत गेले. माझ्याच वयाची आहे, शेजारी राहते, रविवारी आम्ही बाजारात जातो, तिने मला एक स्वेटर दिला. आई म्हणाली, "चांगलं झालं गं बाई, जीव भांड्यात पडला." मग ओरडून कोणाला तरी सांगितलंही. मला वाटलं बाबांना, पण ते कारखान्यात कुठून असणार? ती शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगत होती.

याला खोटं म्हणता येणार नाही असं मला वाटतं, कारण यात कोणाचं नुकसान नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. माझा काळ्या झग्यातला फोटो आईने चुलीजवळच्या भिंतीवर लावला आहे, कारण आलेला माणूस तिथेच बसतो. त्या फोटोतल्या मुलीने फोनवर मुळूमुळू रडणं बरं दिसणार नाही.

आणि रडण्यासारखं काही नाहीच. एकटेपणा हा रिकामटेकड्या माणसांचा आजार आहे असं माझं मत आहे. मला काम आहे. आज या शहराच्या पाण्याच्या बाटल्या मी तपासल्या, औषधाने पाणी गुलाबी होतंय का, म्हणजे त्यात क्लोरीन आहे का, ते पाहिलं. कोणाच्या तरी घरी आज लहान मूल निर्धास्त पाणी प्यायलं असेल. ते मूल मला ओळखत नाही, पण यात एक समाधान आहे.

शेजारच्या टेबलावरची मुलगी कानात गाणी घालून काम करते. मी दिवसभरात बोलले ते असं : "बाटली ठेवली आहे", "हो मॅडम", आणि बेकरीत "अर्धा पाव". मग संध्याकाळी दाढेशी.

१२ मार्च

केस कापले. सगळे.

कारण साधं आहे. काल झटापटीत माझी वेणी दाढेच्या गुडघ्याखाली अडकली आणि मी किंचाळले. ती म्हणाली, "ही शेपटी घेऊन किती दिवस लढणार?" आज न्हाव्याकडे गेले. त्याने वेणी जशीच्या तशी कापून माझ्या हातात दिली. मांजराचं पिल्लू धरावं तशी मी ती धरून बसले होते. आता ती कपाटात, टॉवेलांखाली आहे.

आईला सांगितलं नाही. शाळेत असताना ती पायरीवर बसायची आणि मी खालच्या पायरीवर, तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. हललं की ती गुडघ्यांनी दाबायची. हनुवटी धरून डोकं सरळ करायची. कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत वेणी तिनेच घातली, मला घालता येत असूनही. वेळ वाचतो म्हणायची. वेळ काही वाचत नसे.

केस म्हणजे काही माणूस नव्हे. वाढतात.

१८ मार्च

आज दाढ माझ्यावर उखडली.

मी तिची पाठ घेतली होती, अगदी नीट. हात हनुवटीखाली गेला, दुसरा डोक्यामागे. दाबायला लागले आणि तिच्या श्वासाचा घर्र असा आवाज आला. मी सोडून दिलं.

"ए पाणीवाली, का सोडलंस?"

"तुम्हाला त्रास होत होता, डॉक्टर."

"मी थोपटलं?"

"नाही, पण..."

"पण काय? दरवेळी हेच. अगं, मी काय काचेची आहे? माझी वेळ झाली की मी सांगेन. माझ्या वतीने तू ठरवू नकोस."

सर म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. थोपटणं हे खालच्याचं काम. सोडणं वरच्याचं. तू दोघांचं काम एकटीच करतेस." मग म्हणाले, "आणि भांडू नका बायांनो, दोघीच आहात. एक गेली तर मला हा तास बंदच करावा लागेल. उरलेलीला कोणाचा गळा देऊ? खांबाचा?"

दाढ हसली. मीही हसले, पण घरी येताना तेच डोक्यात राहिलं. तास बंद झाला तर मी संध्याकाळी जाणार कुठे? खोलीत एक खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं. आवाजावरून वजनदार माणूस असावा. जिन्यात भेटला तर ओळखू येणार नाही, पण त्याची खुर्ची मी कुठेही ओळखेन.

तास संपला की सगळे एका रांगेत उभे राहतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो, अशी तिथली पद्धत आहे. आमची रांग म्हणजे सर, दाढ आणि मी. तरी मिळवतो. दाढेचा हात खरखरीत आणि गरम असतो. तेवढ्यासाठी कोणी जात नाही, हे खरं. मी स्वसंरक्षणासाठी जाते.

२८ मार्च

सलग सुट्ट्या होत्या. प्रयोगशाळा बंद, हॉल बंद. आईला फोन केला तर उचलला नाही, मग तिचा आला तेव्हा मी झोपले होते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की काल सकाळपासून मी एक शब्द बोललेली नाही. आवाज आहे का पाहायला म्हणून वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. हवामानाचं सदर. हे लिहायला थोडी लाज वाटते, पण लिहायचं तर खरं.

आज तास होता. आणि आज एक गोष्ट झाली.

दाढेने माझी पाठ घेतली. तिची छाती पाठीला टेकली, पाय आले, हात खांद्यावरून आला. ती नेहमीसारखी घाईत नव्हती. हात गळ्याखाली सरकला, दुसरा डोक्यामागे गेला. दाब आला. दुखलं नाही. सर खरंच सांगत होते, दुखत नाही.

पुढचं आठवतं ते हे की मी पायरीवर बसले आहे. मागून आई म्हणतेय, हलू नकोस. मी विचारते, झालं का? ती म्हणते, थांब जरा.

मग छताचा पंखा. माझे पाय सरांच्या हातात, वर उचललेले. "ये, ये, जागी हो. नाव सांग. आज वार कोणता?"

"का थोपटलं नाहीस?" सरांनी विचारलं.

"हात अडकला होता."

"दोन्ही हात मोकळे होते तुझे. मांडीवर होते. मी इथून बघत होतो."

दाढ भिंतीला टेकून बसली होती, स्वतःच्या हातांकडे बघत. मी म्हटलं, "डॉक्टर, मला काही झालं नाही, खरंच. उलट बरं वाटलं."

हे ऐकल्यावर ती उठली. "बरं वाटलं? माझ्या हातात तू गार पडलीस, आणि तुला बरं वाटलं?" पिशवी घेतली आणि निघून गेली. हात न मिळवता.

सरांचा नियम असा आहे की जो न थोपटता बेशुद्ध होतो, त्याने दोन आठवडे मॅटवर पाय ठेवायचा नाही, बाकावर बसून बघायचं. मी विचारलं, एवढी शिक्षा का? ते म्हणाले, "शिक्षा नाही. तुझ्याशी खेळायला समोरच्याला भीती वाटते आता."

बेशुद्धीत मेंदूला काहीही दिसतं. त्याला अर्थ नसतो.

२ एप्रिल

बाकावर बसून बघते. बघायला कोणी नाही. दाढ आलेली नाही, तिसऱ्यांदा. सर एकटेच मॅट पुसतात, मग मोबाइल बघतात.

आज म्हणाले, "पुढच्या आठवड्यापर्यंत वाट बघतो. नाहीतर ही वेळ नाचाच्या क्लासला देतो. ते कधीचे मागे लागलेत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू फोन कर तिला."

माझ्याकडे तिचा नंबर नाही. आईला जिच्याबद्दल मी इतकं सांगितलं, तिचा नंबरही माझ्याकडे नाही. दवाखाना कुठे आहे तेवढं माहीत आहे.

बेकरीवाल्याने आज न सांगता अर्धा पाव काढून ठेवला होता. मला रडूच यायला लागलं. डाव्या बाजूची दाढ दुखतेय, त्यामुळे असेल.

५ एप्रिल

दाढेच्या दवाखान्यात गेले. माफी मागायला आत सोडणार नाहीत म्हणून पेशंट म्हणून नाव लावलं. दात दुखतच होता, त्यामुळे हेही खोटं नाही.

तिने मला पाहिलं आणि भुवया वर केल्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने त्यात आरसा घातला.

"मोठं उघड. अजून. कधीपासून दुखतंय?"

"आ... आं."

"बरेच दिवस ना? एवढा मोठा खड्डा पडेपर्यंत एका बाजूने चावत होतीस? शिकलेली बाई ना तू?" तिने खुर्ची मागे वाकवली. ती माझ्या डोक्यामागे बसली होती, चेहरा उलटा दिसत होता, तोंडावर मास्क. "सुई न देता बघते. दुखलं की डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन. कळलं?"

मशीन सुरू झालं. सुरुवातीला काही नाही. मग अशी कळ आली की पायाची बोटं आखडली. मी मनाशी म्हटलं, होईल आता, संपेल आता, हिचं काम का अडवा. छताकडे बघत राहिले.

मशीन बंद झालं.

"कुठे आहे हात?" दाढ म्हणाली.

मी खाली पाहिलं. हात मांडीवर होता, दुसऱ्या हातात घट्ट धरलेला.

"डोळ्यांतून पाणी कानात चाललंय तुझ्या, आणि हात मांडीवर." तिने मास्क खाली ओढला. रागावली असेल असं वाटलं होतं, पण ती दमलेली दिसत होती. "मला वाटलं होतं त्या दिवशी तू माझी जिरवायला केलंस ते. मी तुला बोलले होते ना, माझ्या वतीने ठरवू नकोस म्हणून. पण तू सगळीकडे अशीच आहेस."

तोंडात कापूस होता, तरी मी म्हटलं, "सांगून काय होतं? दुखणं तर दुखतंच."

"तुझं काही होत नसेल. माझं होतं. तू सांगितलंस तर मला थांबता येतं. नाही सांगितलंस तर मी अशीच कोरत बसते, आणि मला वाटतं सगळं छान चाललंय." मग एकदम, "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"आई, बाबा, धाकटा भाऊ."

"त्यांना वाटत असेल सगळं छान चाललंय."

तिने सुई दिली. अर्धा गाल बधिर झाला आणि काम पटकन झालं. मी विचारलं, तुम्ही येणार ना? माझ्या ओठातून ते 'तुब्बी येडार डा' असं निघालं. ती हसली.

"येईन. पण माझ्या हातात पुन्हा झोपायचं नाही. मी रोज माणसं मागून धरते, पाणीवाली. त्यांनी काहीतरी सांगावं एवढीच माझी अपेक्षा असते."

घरी येताना विचार केला. दाढ म्हणते ते दातांपुरतं बरोबर आहे. त्याचा आईशी संबंध तिने उगाच जोडला असं मला वाटतं. आईला सांगितलं तर ती थांबवणार काय? तिला फक्त काळजी.

६ एप्रिल

आईचा फोन आला तेव्हा गाल अजून सुजलेला होता.

"जेवलीस का?"

"नाही."

मला 'हो' म्हणायचं होतं. आधीच 'नाही' निघून गेलं.

"का गं? आणि मैत्रीण कुठे आहे तुझी?"

"मैत्रीण नाहीये, आई. म्हणजे आहे, पण तशी नाही. पंचेचाळीसची आहे. दात काढते."

मागे मशीनचा आवाज चालला होता.

"आई, मला इथे करमत नाही. अजिबात करमत नाही. मी कोणाशी बोलतच नाही. आणि मी केस कापले."

"किती?"

"सगळे."

मशीनचा आवाज दूर गेला. ती बाहेर आली असावी. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता तो फोटो ती भिंतीवरून काढेल.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली.

"केसांचं?"

"केसांचं कसं कळेल? मैत्रिणीचं. स्वेटर दिला म्हणालीस ना, तेव्हाच. उन्हाळा तोंडावर आणि स्वेटर कोण देतं?"

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. आई फोन धरून बसली. तिची सुट्टी संपल्याची घंटा मला ऐकू आली. तिलाही आली असणार.

"तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तू एवढं रंगवून सांगत होतीस. कसं मोडायचं तुझं? मी म्हटलं, सांगेल आपण होऊन."

"मी परत येऊ का?"

हे मी विचारणार नव्हते. कधीच विचारणार नव्हते.

"आलीस तर घर आहेच," ती म्हणाली. "पण आधी मी येते. बघू दे तरी कुठे राहतेस ते."

१२ एप्रिल

दोन आठवडे संपले. दाढ आली होती. सरांनी नाचवाल्यांना नाही म्हणून सांगितलंय, निदान सध्या.

दाढेने माझी पाठ घेतली. छाती टेकली, पाय आले, हात खांद्यावरून आला. मी लगेच थोपटलं.

"अगं, अजून गळ्याला हात लागलेला नाही!" ती म्हणाली.

सर हसून लोळायचे बाकी होते. "आता ही दारातूनच टॅप करत येईल!"

दुसऱ्यांदा नीट थांबले. हात हनुवटीखाली गेला. दुसरा डोक्यामागे. दाब आला, आणि आला तसा चढत गेला, आणि नजरेच्या कडा काळवंडायला लागल्या. मी तिच्या हातावर थोपटलं. हात सुटले, तत्काळ, काही न विचारता.

पाय मात्र तिने काढले नाहीत. मी उठायला गेले तर म्हणाली, "बस. दम खा जरा." आम्ही तशाच बसलो, ती मागे, मी पुढे. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, केस नसल्यामुळे.

"थँक्यू, डॉक्टर," मी म्हटलं.

"डॉक्टर दवाखान्यात. इथे ताई म्हण. मावशी म्हणालीस तर मात्र झोपवीन."

मग हात मिळवले, तिघांनी, रांगेत.

आई उद्या सकाळच्या गाडीने येते आहे. आज खोली झाडली, वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे जाऊन एक जादा गादी मागून आणली. किडकिडीत माणूस आहे, वजनदार नव्हे. खुर्चीच जड असणार.

मघाशी आईचा फोन होता. काय काय आणू विचारत होती. काही नको म्हटलं. म्हणाली, केसांचं तेल घेतलंय. मी म्हटलं, आई, एवढ्याशा केसांना कुठे लावणार?

म्हणाली, जेवढे आहेत तेवढ्यांना.